दोघांना एकच घर



या मालिकेत आतापर्यंत किल्ले झाले, तह झाले, पेशवाईतले हिशेब झाले. आज विषय कुत्र्यांचा आहे. हसू नका, यातही कायदे आहेत, दंगल आहे, कोर्ट आहे आणि दत्तकप्रकरणही आहे.

मी बडोद्यात राहते. बरीच वर्षं इतिहास शिकवला आणि गेली काही वर्षं एका लहानशा गटाबरोबर रस्त्यावरच्या कुत्र्यांना घरं शोधून देते. या कामात सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे जोडी. दोन कुत्री अशी असतात की एकाला उचललं तर दुसरं खाणं सोडतं. इंग्रजी शेल्टरवाले त्याला 'बॉन्डेड पेअर' म्हणतात, आपण नुसतं 'जोडी' म्हणू. पिल्लाला घर मिळायला आठवडा लागत असेल, तर मोठ्या कुत्र्याला महिने लागतात, आणि जोडीला किती लागतील हे कोणी सांगू नये. मला प्रत्येक अडचणीचा उगम शोधायची खोड आहे. म्हणून विचार केला, की ही अडचण मुळात सुरू कधी झाली? जोड्या तर कुत्र्यांइतक्याच जुन्या असणार. मग त्यांना घर मिळणं अवघड कशामुळे झालं?

सुरुवात लांबून करते, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोपासून. तिथल्या एका जोडीची नोंद वर्तमानपत्रांनी इतकी बारकाईने ठेवली आहे, की आपल्याकडे एखाद्या सरदाराचीही नसेल.

१८६० साली सोन्याच्या हव्यासावर वाढलेल्या त्या शहरात उंदरांचा सुळसुळाट होता. एका दारूच्या गुत्त्याबाहेर एक काळापांढरा, न्यूफाउंडलंड जातीच्या वळणाचा कुत्रा पडून असायचा. त्याचं नाव बमर, म्हणजे मागून खाणारा, फुकट्या. उंदीर मारण्यात मात्र पटाईत. १८६१ मध्ये एका मोठ्या कुत्र्याने दुसऱ्या एका कुत्र्याला जवळजवळ फाडलंच होतं, तेव्हा बमर मध्ये पडला. जखमी कुत्रा वाचेल असं कोणाला वाटत नव्हतं. बमर त्याला खाण्याचे तुकडे आणून द्यायचा, रात्री त्याला खेटून झोपायचा. कुत्रा उठला. लोकांनी त्याला नाव दिलं लाझरस, बायबलमधला मेलेला उठतो तो. पुढे दोघं मिळून उंदीर मारायला लागले. वीस मिनिटांत ८५ उंदीर मारल्याची गोष्ट सांगतात. आकडा फुगवलेला असेल, तरी दुकानदार खूश होते हे नक्की.

१८६२ च्या जूनमध्ये कुत्री पकडणाऱ्याने लाझरसला उचललं. मोकाट कुत्र्यांविरुद्ध नियम होता आणि त्यात अपवाद नव्हता. लोक जमले, आरडाओरडा झाला, लाझरस सुटला. नगराच्या कारभाऱ्यांनी या दोन कुत्र्यांना त्या नियमातून चक्क सूट दिली. एका मोठ्या शहराच्या प्रशासनाने 'ही दोन वेगळी करायची नाहीत' असं मान्य केल्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

पण ही गोष्ट गोड करून सांगणारे एक तपशील गाळतात. मध्यंतरी बमरच्या पायाला गोळी लागली होती. त्या दिवसांत लाझरस त्याला सोडून दुसऱ्या कुत्र्यांबरोबर हिंडायला लागला. वर्तमानपत्रांनी त्याला कृतघ्न ठरवून झोडपलं! नंतर दोघं पुन्हा एकत्र आले. हा तपशील लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे. लाझरस १८६३ च्या ऑक्टोबरमध्ये गेला. त्याच्या अंत्ययात्रेचं एडवर्ड जम्प या चित्रकाराने काढलेलं व्यंगचित्र प्रसिद्ध आहे. बमर १८६५ च्या नोव्हेंबरमध्ये एका दारुड्याच्या लाथेने गेला आणि त्याच्यावर मार्क ट्वेनने लिहिलं.

या सगळ्यात एक शब्द कुठेच नाही: घर. या दोघांना कोणी घरी नेलं नाही, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. रस्ता होता, गुत्ता होता, तुकडे टाकणारे लोक होते. शहराने त्यांना फक्त मारायचं नाही असं ठरवलं, आणि तेवढ्याने जोडी टिकली.

आता आपल्या मुंबईत येऊ, सॅन फ्रान्सिस्कोच्या तीस वर्षं आधी. कंपनी सरकारने १८१३ पासून वर्षातल्या ठरावीक काळात मोकाट कुत्री मारायचा नियम केला होता. मारणाऱ्याला डोईमागे बक्षीस मिळायचं. डोईमागे पैसे म्हटलं की काय होतं हे सांगायला नको. मोकाट कुत्री पुरेनात तेव्हा पाळलेली, घराच्या ओट्यावरची कुत्रीही जायला लागली. १८३२ मध्ये हा काळ वाढवला. ६ जूनला, पारशांच्या एका पवित्र दिवशी, जमाव कुत्री मारणाऱ्यांवर आणि गोऱ्या शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. पारशांबरोबर हिंदू व्यापारीही बंदमध्ये होते. कुलाब्याच्या सैन्याला जाणारी रसद अडली. शेवटी सैन्य आणावं लागलं, धरपकड झाली.

पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान ठाऊक नसेल तर ही दंगल विचित्र वाटेल. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथातला एक अख्खा भाग कुत्र्यांवर आहे. माणूस गेला की त्याचं शव कुत्र्याला दाखवण्याचा 'सगदीद' नावाचा विधी आहे. तेव्हा कुत्रा मारणं ही त्यांच्या दृष्टीने नुसती क्रूरता नव्हती, पाप होतं. आणि आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री, खंडोबाबरोबर कुत्रा, तूप घेऊन कुत्र्यामागे धावणारे नामदेव. मुंबईचा तो बंद धर्माधर्मातला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. जमशेटजी तेव्हा 'सर' झाले नव्हते. गुजरातेत पांजरपोळ शतकानुशतकं होतेच. इथे राहून मी ते जवळून पाहिले आहेत. म्हातारे बैल, लंगडी गाय, पंख तुटलेलं कबूतर, जे येईल ते घ्यायचं आणि मरेपर्यंत सांभाळायचं. पांजरपोळाचं तत्त्व एवढंच. तिथून कोणाला कोणाच्या घरी पाठवत नाहीत. त्यामुळे जोडी फोडायचा प्रश्नच येत नाही. दोन कुत्री एकत्र आली तर एकत्र राहतात, एकत्र म्हातारी होतात. उलट बाजूने पाहिलं तर त्यांना माणसाचं घर कधीच मिळत नाही. गर्दीत, आजारात, एका मोठ्या आवारात आयुष्य जातं. मी या पद्धतीला नावं ठेवणार नाही, पण तिच्या प्रेमात पडावं असंही मला वाटत नाही.

घराची कल्पना आली लंडनमधून. १८६० मध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईने उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरता आसरा उघडला. नावातच 'तात्पुरता' होतं. 'टाइम्स'ने टिंगल केली, की माणसं उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कसले. (हे वाक्य मी बडोद्यात आठवड्यातून एकदा ऐकते. १६० वर्षांत त्यात काही बदल झालेला नाही.) टील्बीबाई १८६५ मध्ये गेल्या, १८७१ मध्ये ती संस्था बॅटरसीला हलली आणि आजही आहे. पांजरपोळ आणि हा आसरा यांत मूळ फरक असा, की इथे कुत्रं राहायला येत नाही, जायला येतं. मालक सापडला तर मालकाकडे. नाही सापडला तर नव्या घरी, ठरावीक किंमत घेऊन. आणि तेही नाही झालं तर मरण. १८८४ मध्ये तिथे वेदना न होता वायूने मारायची खोली बांधली गेली, आणि ती तेव्हा सुधारणा मानली गेली. पोलीस रस्त्यावरून जेवढी कुत्री आणून टाकायचे, त्यापुढे घरं कुठून पुरणार?

म्हणजे घर शोधायची पद्धत जन्मली तीच घड्याळ घेऊन. तीन दिवस, पाच दिवस, मग निकाल. आणि ती जन्मली डोई मोजत. १८६७ मध्ये ब्रिटनमध्ये कुत्रा पाळायचा परवाना आला, दर कुत्र्यामागे वर्षाला पाच शिलिंग. दोन कुत्री म्हणजे दहा शिलिंग. एक पिंजरा एक कुत्रा, एक पावती एक कुत्रा, एक घर एक कुत्रा. १८६९ मध्ये फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी बायकांनी अमेरिकेतला पहिला असा आसरा काढला. तिथेही कुत्री मारायची पद्धत त्यांनी बदलली, पण मोजायची नाही.

माझ्या मते जोडीची अडचण इथे सुरू झाली. रस्त्यावर जोडी असते. पांजरपोळातही ती राहते. पण रस्ता आणि घर यांच्या मध्ये कारकुनाचं टेबल आलं, की जोडी नाहीशी होते आणि तिच्या जागी दोन नग येतात.

आता थोडं 'दत्तक' या शब्दाबद्दल. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की आधी डलहौसी आठवतो. सातारा १८४८, नागपूर आणि झाशी १८५४. 'दत्तक नामंजूर' हे दोन शब्द आपण शाळेत पाठ केले. आम्हा बडोदेकरांना आणखी एक दत्तक आठवतं, १८७५ चं, जमनाबाईसाहेबांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना घेतलं ते. तेच सयाजीराव महाराज. गादीवर एकच बसणार होता, पण भाऊ कवळाण्यातच ठेवले नाहीत. संपतरावही बडोद्यात आले, शिकले, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे इथल्या ग्रंथालयाच्या कामी आला. कुत्र्यांच्या गोष्टीत राजघराणं आणल्याबद्दल कोणी रागावू नये. मला एवढंच दिसतं, की भावंडं वेगळी करू नयेत ही समज दत्तकाच्या परंपरेत आहे. आज मुलांच्या दत्तकासाठी आपल्याकडे केंद्राची जी व्यवस्था आहे, तीत भावंडांना एकत्र देण्याची वेगळी सोय आहे. कुत्र्यांसाठी तसा विचार करणारा मी पाहिलेला फॉर्म म्हणजे आम्ही स्वतः हाताने दुरुस्त केलेला.

स्वतंत्र भारतात काय झालं ते भराभर सांगते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं, त्यातून पुढे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ झालं आणि त्याच पहिल्या अध्यक्ष झाल्या. महापालिका मात्र कुत्री मारतच राहिल्या, विजेने, विषाने. मद्रासच्या ब्लू क्रॉसने १९६४ पासून म्हणणं धरलं, की मारून संख्या कमी होत नाही, नसबंदी करा. महापालिकांना ते पटायला तीस वर्षं लागली. २००१ मध्ये केंद्राने नियम केले: कुत्रं पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा. २०२३ च्या नव्या नियमांतही हे कायम राहिलं.

'जिथून उचललं तिथेच' या तीन शब्दांमागचं कारण कुत्र्यांच्या हद्दीचं आहे. एका टोळीची जागा रिकामी झाली की दुसरी येते, म्हणून. जोड्यांचा विचार कोणी केला नव्हता. पण परिणाम असा झाला, की पंचवीस वर्षं भारतातल्या रस्त्यांवरच्या जोड्या कायद्याने नकळत सांभाळल्या. कान कापलेली दोन कुत्री आठवड्याने त्याच पानाच्या टपरीखाली परत यायची.

आता ते बदलतं आहे. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो सौम्य केला: रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी व लसीनंतर परत सोडा. त्याच आदेशात प्राणिप्रेमींनी महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरची कुत्री दत्तक घ्यावीत, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी घ्यावी, असंही म्हटलं. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री काढून निवाऱ्यात हलवा, तिथेच परत सोडू नका, असा आदेश झाला.

मी या आदेशाविरुद्ध भाषण करायला बसलेले नाही. रेबीज हा एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ नक्की मारणारा रोग आहे, आणि चावा मुलांना जास्त बसतो. रुग्णालयाच्या वॉर्डात कुत्री नकोत हे मलाही मान्य आहे. पण यातून देशभर निवारे भरतील, आणि निवाऱ्यातून घराकडे जायचा रस्ता त्या लंडनच्या टेबलावरूनच जातो. आवारातली कुत्री ही बहुतेक वेळा टोळीची असतात, एकमेकांची असतात. उचलणारी गाडी त्यांना संख्येने उचलेल.

मग सगळ्याच कुत्र्यांना जोडीने द्यायचं का? नाही. इथे भावनेला जरा लगाम लागतो. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी ३६४ पिल्लांवर नजर ठेवली, तर सात महिन्यांपर्यंत जगली साधारण १९ टक्के. पाचांत एक. अर्ध्याहून अधिक मृत्यूंमागे माणूस होता, गाडी, मारहाण, विष, उचलून नेणं. तेव्हा एका वेताची दोन भावंडं मोठी होऊन एकत्र दिसतात, तेव्हा ती आधीच दुर्मीळ गोष्ट असते. पण याच संशोधकांना असंही दिसलं, की टोळीत राहणारी कुत्री खाणं शोधायला पुष्कळदा एकेकटी जातात. रस्त्यावरचं कुत्रं गरजेपुरतं सोबत असतं आणि गरजेपुरतं एकटं.

दुसरा एक प्रयोग अमेरिकेत ओहायोमध्ये झाला, १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षानुवर्षं एकाच पिंजऱ्यात जोडीने राहिलेली प्रौढ कुत्री घेतली. सोबत्याला चार तास काढून नेलं, पण जागा तीच ठेवली, तर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढलं नाही. अनोळखी खोलीत नेलं तर वाढलं, आणि सोबती बरोबर असला तरीही वाढलं. पण रोज सांभाळणारा माणूस बरोबर असला तर वाढलं नाही. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. म्हणजे एका पिंजऱ्यात राहणं म्हणजे जोडी नव्हे. आणि कुत्र्याला माणूस जो वाटतो, तो पुष्कळदा दुसऱ्या कुत्र्यापेक्षा मोठा आधार असतो. लाझरस हिंडायला गेला होता, आठवतं ना?

म्हणून आम्ही प्रत्येक जोडी तपासतो. पिल्लं असतील तर वेगळी देतो, त्यांच्या भल्यासाठीच. दोन पिल्लं एकत्र वाढवणं नवख्या घराला झेपत नाही, आणि ती माणसापेक्षा एकमेकांकडेच पाहत राहतात. मोठी असतील तर डॉक्टरांना विचारून काही काळ वेगळी ठेवतो आणि वही घेऊन बसतो. खाल्लं का, झोपलं का, दाराशी किती वेळ उभं, चालायला नेलं तर चालतं का.

चिमी आणि भोलू आमच्याकडे आले ते शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून. तिथला पहारेकरी त्यांना भाकरी घालायचा, जागा विकली गेली आणि तो गावी गेला. चिमी आठेक वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जवळजवळ आंधळी. भोलू तीनचा, तांबूस, हसऱ्या तोंडाचा. चिमी चालायची ती भोलूच्या अंगाला खांदा लावून. तो थांबला की थांबायची. तपासणीत तीन दिवस वेगळं ठेवलं. भोलूने पहिल्या रात्री थोडी कुरकुर केली, दुसऱ्या दिवशी पोटभर जेवला, चेंडू खेळला. चिमी तीन दिवस पाण्यापलीकडे कशाला तोंड लावेना, भिंतीला धडकत गोल फिरत राहिली.

म्हणजे जोडी होती, पण एका बाजूने. भोलूला एकट्याला घर मिळणं सोपं होतं. फोटो टाकल्यावर फोन सुरू झाले. 'बेन, नानो एकज आपो ने.' धाकटा तेवढा द्या. मराठी फोन वेगळ्या भाषेत तेच सांगायचे: "ताई, म्हातारीला तुमच्याकडेच राहू द्या ना, तिचं काय आता." पादऱ्याजवळ शेती असलेलं एक कुटुंब आलं. चांगली माणसं, मोठं अंगण, दोन मुलं. भोलू त्यांच्या मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. त्यांना तो हवा होता, चिमी नको होती, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आमच्या गटात त्या रात्री खूप वाद झाला. एका मैत्रिणीचं म्हणणं होतं, की आपण एका निरोगी कुत्र्याचं आयुष्य दुसऱ्याच्या काठीसाठी अडवून ठेवतो आहोत. भोलूला कोणी विचारलं का? तिचं म्हणणं चूक नव्हतं. माझं म्हणणं असं, की भोलूला शेत नाही मिळालं तर दुसरं काहीतरी मिळेल, पण चिमीला भोलू नाही मिळाला तर काहीच उरत नाही. जो नसला तर ज्याचं जास्त मोडतं, त्याच्या बाजूने ठरवायचं. यात भोलूचं नुकसान आहे, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही दिसतं. आम्ही त्या कुटुंबाला नाही म्हटलं आणि दुसरं एक कुत्रं सुचवलं. त्यांनी ते नेलं.

नंतरचे चार महिने फोन कमी होत गेले. आम्ही जाहिरात बदलली. दोघांचे वेगवेगळे फोटो काढून टाकले, एकच फोटो ठेवला, ज्यात चिमी भोलूला टेकली आहे. 'दयाळू माणूस हवा' वगैरे काही लिहिलं नाही. खर्च लिहिला: दोघांना मिळून महिन्याला खाण्याला किती, लसीला किती, चिमीच्या डोळ्यांच्या थेंबांना किती. तळमजला असेल तर बरं, असं लिहिलं. भोलूमुळे चिमीला फिरवणं सोपं जातं, हेही लिहिलं. लोक दुसऱ्या कुत्र्याला घाबरतात ते कामाला, तेव्हा काम किती ते मोजूनच सांगावं असं माझं मत झालं आहे.

शेवटी भरूचहून एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आले, बरोबर काकू. काकांनी सगळे प्रश्न कामाचे विचारले. आधी कोणाला वाढायचं? रात्री दिवा ठेवायचा का? चिमी जिन्यावर गेली तर? काकू चिमीजवळ जमिनीवर बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आमच्या फॉर्मवर 'कुत्र्याचं नाव' अशी एकच ओळ होती. काकांनी विचारलं, दोन फॉर्म भरू का? मी म्हटलं, नको, एकावरच दोन्ही नावं लिहा. त्यानंतर आम्ही फॉर्मच बदलला.

चिमी त्या घरात दीड वर्ष जगली. ती गेल्यावर काकांचा फोन आला. भोलू तीन दिवस तिच्या गोधडीवर बसून होता, चौथ्या दिवशी उठून जेवला, आता फाटकापर्यंत जातो आहे, पुढे जात नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आता कोपऱ्यापर्यंत जातो. मग त्यांनी जरा थांबून विचारलं, तुमच्याकडे सध्या कोणी म्हातारी आहे का.

एक होती. तापट, एका कानाने बहिरी, इतर कुत्र्यांवर गुरगुरणारी. मी ते सगळं सांगितलं. काका म्हणाले, रविवारी भोलूला घेऊन येतो, तो काय म्हणतो पाहू.